जठराची सूज आणि कर्करोगाचा धोका: बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये नेमकं काय वाचायचं

प्रश्न असा आहे: वय ४५, बरेच महिने पोटात जळजळ, म्हणून एंडोस्कोपी केली. त्यात जठराच्या खालच्या भागात लाली दिसली. बायोप्सीचा रिपोर्ट आला: 'क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, एच. पायलोरी पॉझिटिव्ह, फोकल इंटेस्टिनल मेटाप्लेशिया'. इंटरनेटवर शोधल्यावर शेवटच्या शब्दापुढे 'कर्करोगपूर्व अवस्था' असं सापडलं आणि झोप उडाली. याचा कॅन्सर होणार का, हा एच. पायलोरी जंतू मारला की धोका संपतो का, आणि आता दरवर्षी एंडोस्कोपी करत राहायची का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बहुतेकांच्या बाबतीत होत नाही. नेदरलँड्समध्ये देशभरातल्या बायोप्सींची एकत्र नोंद ठेवली जाते. त्या नोंदींवरून ९२ हजारांहून अधिक रुग्णांचा पाठपुरावा २००८ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या पाच वर्षांत कर्करोग होण्याचं वार्षिक प्रमाण असं निघालं: नुसता ग्रंथींचा ऱ्हास असेल तर ०.१ टक्का, मेटाप्लेशिया (जठराच्या अस्तराचं आतड्यासारखं होणं) असेल तर ०.२५ टक्का, सौम्य ते मध्यम डिस्प्लेशिया (पेशींची ठेवणच बिघडणं) असेल तर ०.६ टक्का आणि तीव्र डिस्प्लेशिया असेल तर ६ टक्के. म्हणजे तुमच्यासारखा रिपोर्ट असलेल्या १,००० लोकांमागे वर्षाला दोन-तीन जण. हा दर वर्षाचा आहे, तो साठत जातो. दहा वर्षांत मेटाप्लेशियाच्या गटात तो १.८ टक्क्यांवर गेला. शिवाय नेदरलँड्समध्ये हा कर्करोग मुळात कमी आढळतो. जपान, कोरिया, चीनचे काही भाग, अँडीज पर्वतातले देश इथे हाच रिपोर्ट जास्त गांभीर्याने घेतला जातो, आणि ते योग्यच आहे. पण तीव्र डिस्प्लेशियाचा ६ टक्के आणि तुमचा पाव टक्का यांतलं अंतर नजरेआड करू नका. 'कर्करोगपूर्व' हे एकच लेबल दोघांनाही चिकटवलं जातं आणि तिथेच घबराट सुरू होते.

आता जी गोष्ट मला रोज समजावून सांगावी लागते ती. पोटात किती जळजळतं यावरून कर्करोगाचा धोका कळत नाही. पुष्कळदा उलटच असतं. ज्यांना महिनोन् महिने जळजळ, आंबट ढेकर, पोट फुगणं असा त्रास असतो त्यांच्यातल्या अनेकांची बायोप्सी जवळपास स्वच्छ निघते. आणि ज्यांच्या जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात, ते सांगतात की पूर्वी ॲसिडिटी व्हायची, हल्ली बरं आहे. बरं वाटणारच, आम्लच कमी झालंय. एंडोस्कोपीत दिसणाऱ्या लालीचंही तसंच. नुसती लाली आणि सूक्ष्मदर्शकाखालची सूज यांचा मेळ फारच कच्चा असतो. म्हणून लाली पाहून मी काहीच ठरवत नाही, बायोप्सीची वाट बघतो.

मग धोका ठरतो कशावर? दाह जठराच्या कोणत्या भागात आहे आणि तिथल्या ग्रंथी किती शिल्लक आहेत, यावर. माझ्या मते या विषयातल्या गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनातून घ्यायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा अल्सरच्या रुग्णांनी दिला. एच. पायलोरी हा जंतू लहान आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे ड्युओडेनममध्ये, अल्सर घडवतो आणि हाच जंतू जठराचा कर्करोगही घडवतो. मग ड्युओडेनल अल्सरवाल्यांना कर्करोग जास्त व्हायला हवा. स्वीडनमधल्या रुग्णालयांच्या नोंदींवर आधारित मोठा अभ्यास १९९६ साली आला. जठरातच अल्सर असलेल्यांना कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांच्या १.८ पट होता. ड्युओडेनल अल्सरवाल्यांना ०.६ पट, म्हणजे चक्क कमी. जंतू एकच आणि निकाल उलटे. कारण असं की दाह जठराच्या खालच्या भागापुरता, म्हणजे अँट्रमपुरता राहिला तर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं, वरच्या भागातल्या धडधाकट ग्रंथी जोरात आम्ल सोडतात आणि ते आम्ल पुढे ड्युओडेनमला भाजतं. पण दाह वर सरकून जठराच्या मुख्य भागात, कॉर्पसमध्ये पसरला की आम्ल बनवणाऱ्या ग्रंथीच मरू लागतात. आम्ल घटतं, अल्सरची शक्यता घटते आणि कर्करोगाची वाढते. एकाच संसर्गाच्या या दोन वाटा आहेत आणि एकदा एका वाटेला लागलेला माणूस सहसा दुसऱ्या वाटेला जात नाही.

२००१ साली जपानमधून आलेल्या अभ्यासाने हे पक्कं केलं. १,५२६ रुग्ण, सरासरी ७.८ वर्षांचा पाठपुरावा, मधूनमधून एंडोस्कोपी. जंतू असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना कर्करोग झाला, म्हणजे २.९ टक्के. जंतू नसलेल्या २८० जणांत एकालाही नाही. आणि ड्युओडेनल अल्सर असलेल्या २७५ जणांत, जंतू असूनही, एकालाही नाही. सर्वाधिक धोका कोणाला? तीव्र ॲट्रॉफी (म्हणजेच ग्रंथींचा ऱ्हास) असलेल्यांना, कॉर्पसमध्ये जास्त दाह असलेल्यांना आणि मेटाप्लेशिया असलेल्यांना. आमच्या क्षेत्रात इतका सरळ बोलणारा अभ्यास क्वचितच मिळतो.

ही पायऱ्यांची कल्पना मात्र जंतू सापडण्याच्या आधीची आहे. कोलंबियन पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडलं की आतड्यासारख्या पेशींचा जठराचा कर्करोग एकदम उगवत नाही. आधी दाह, मग ग्रंथींचा ऱ्हास, मग जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखं अस्तर (हाच तुमचा मेटाप्लेशिया), मग डिस्प्लेशिया आणि शेवटी कर्करोग. एकेक पायरी चढायला वर्षं, कधी दशकं लागतात, आणि बहुतेक लोक मधल्याच एखाद्या पायरीवर आयुष्यभर थांबतात. तेव्हा दोष मिठावर आणि नायट्रेटवर होता, कारण पहिल्या पायरीवर ढकलणारा कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कोरेआंनी ज्या प्रदेशात काम केलं त्या कोलंबियातल्या नारिन्यो प्रांताचं कोडं मला अजून भुरळ घालतं. डोंगरातलं तुकेरेस आणि समुद्रकिनाऱ्यावरचं तुमाको यांच्यात जेमतेम २०० किलोमीटर अंतर. दोन्हीकडे जवळजवळ सगळ्या प्रौढांना एच. पायलोरीचा संसर्ग. तरी कर्करोगाचं प्रमाण डोंगरात लाखामागे सुमारे १५० आणि किनाऱ्यावर लाखामागे ६, म्हणजे पंचवीसपट फरक. २०१४ साली एका गटाने माणसांचे आणि त्यांच्या पोटातल्या जंतूंचे, दोघांचेही वंश तपासले. किनाऱ्यावरची वस्ती प्रामुख्याने आफ्रिकी वंशाची, आणि तिथे जंतूतला आफ्रिकी अंश निरुपद्रवीच होता. डोंगरातली वस्ती मूळ अमेरिकी वंशाची. तिथे जंतूत तोच आफ्रिकी अंश असेल तर अस्तराची अवस्था जास्त वाईट. हजारो वर्षं एकत्र नांदलेले यजमान आणि जंतू एकमेकांना सांभाळून घेतात, जोडी मोडली की नुकसान वाढतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. दुसरं स्पष्टीकरण जंतांचं. किनाऱ्यावर पोटात जंत असण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि जंतांमुळे प्रतिकारशक्तीचा रोख बदलतो. उंदरांवर २००० साली हे दाखवलं गेलं: हेलिकोबॅक्टरच्या जोडीला जंत दिले तर जंतूंची संख्या कमी न होताही ॲट्रॉफी कमी झाली. मला वाटतं दोन्हींत तथ्य आहे. संसर्ग आवश्यक आहे, पण तो एकटा पुरेसा नाही, हे या डोंगर-किनाऱ्याच्या तुलनेइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

जंतूच्या शोधाची कहाणी बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन यांना १९७९ साली बायोप्सीत वळणदार जंतू दिसले, बॅरी मार्शल यांनी १९८४ साली ते स्वतः पिऊन दाखवले, दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. पण मार्शल यांच्या पेल्याने सिद्ध झाला तो दाह, कर्करोग नव्हे. कर्करोगाचा पुरावा फ्रीझरमधून आला. १९९१ साली एकाच वर्षात तीन अभ्यास प्रसिद्ध झाले आणि तिन्हींमध्ये वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेलं रक्त तपासलेलं होतं. हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांच्या अभ्यासात १९६७ ते १९७० दरम्यान घेतलेलं रक्त होतं. पुढे कर्करोग झालेल्या १०९ जणांपैकी ९४ टक्क्यांच्या जुन्या रक्तात जंतूविरोधी प्रतिपिंडं होती. तुलनेसाठी घेतलेल्या, कर्करोग न झालेल्या पुरुषांत ७६ टक्के.

जुनंच रक्त का लागलं? कारण ॲट्रॉफी आणि मेटाप्लेशिया वाढत गेले की जंतूलाच तिथे राहणं अवघड होतं. कर्करोग दिसेपर्यंत जंतू कित्येकदा निघून गेलेला असतो. रोगाच्या वेळी रक्त तपासलं तर संबंध फिका दिसतो. दहा वर्षं किंवा त्याहून जुनं रक्त तपासलं तर, एकत्रित विश्लेषणानुसार, जठराच्या वरच्या टोकाचा भाग वगळता इतर कर्करोगाची शक्यता सुमारे सहापट निघते. याचा व्यवहारातला अर्थही लक्षात घ्या. रिपोर्टमध्ये 'ॲट्रॉफी, मेटाप्लेशिया' आहे आणि 'एच. पायलोरी दिसला नाही' असंही आहे, तर ते नेहमी दिलासादायक नसतं. तो येऊन गेलाय, असाही अर्थ निघतो. १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला पहिल्या गटातलं, म्हणजे तंबाखूच्या धुराच्या पंगतीतलं, कर्करोगकारक ठरवलं. त्याच सुमाराला जठरातला माल्ट लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) नुसत्या अँटिबायोटिक्सनी विरघळतो असंही दिसलं होतं. गाठीवर उपचार म्हणून प्रतिजैविकं देण्याची ही विलक्षण गोष्ट आज नित्याची झाली आहे.

पेशीच्या पातळीवर काय घडतं ते थोडक्यात. जंतू युरियेझ नावाच्या विकराने स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्लापासून वाचतो. त्याच्या काही जाती सूक्ष्म सुईसारख्या यंत्रणेतून कॅगए नावाचं प्रथिन थेट अस्तराच्या पेशीत टोचतात. ते आत जाऊन पेशीच्या वाढीचे संकेत बिघडवतं. पूर्व आशियातल्या जंतूंमधलं हे प्रथिन जास्त जहाल असतं. पण खरं नुकसान आपल्याच प्रतिकारशक्तीच्या न संपणाऱ्या लढाईत होतं: पांढऱ्या पेशी, ऑक्सिजनची तिखट रूपं, डीएनएला इजा, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा इजा. इंटरल्युकिन-१ बीटा जास्त बनवणारी जनुकं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यात धोका वाढतो, असं २००० साली दिसलं. हे रसायन दाह तर भडकवतंच, शिवाय आम्लाचा स्रावही दाबतं. आम्ल गेलं की जठरात इतर जंतू मुक्काम ठोकतात आणि नायट्रेटपासून घातक नायट्रोसो संयुगं बनण्याची सोय होते. म्हणजे कोरेआंचा जुना संशय अगदीच चुकीचा नव्हता.

एक अपवाद इथेच सांगतो. जठराच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार, विखुरलेला किंवा डिफ्यूज, या पायऱ्या चढून येत नाही. त्यातही जंतूचा हात असतो, पण मेटाप्लेशिया आधी दिसेलच असं नाही. त्यातला आनुवंशिक प्रकार सीडीएच१ या जनुकातल्या बिघाडाने होतो. न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत तो १९९८ साली प्रथम उलगडला. घरात कमी वयात असा कर्करोग झाला असेल तर जनुकतज्ज्ञाचा सल्ला हवा, माझ्या या उत्तराने भागणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न: जंतू मारला की धोका संपतो का? कमी होतो, संपत नाही. किती कमी होतो यावर बरीच वर्षं वाद झाला. चीनमधल्या फुजियान प्रांतात १,६३० जंतूबाधित लोकांवर चाचणी झाली, निकाल २००४ साली आला. साडेसात वर्षांत उपचार घेतलेल्या गटात ७ जणांना कर्करोग, न घेतलेल्यांत ११. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाहीच. पण ज्यांच्यात सुरुवातीला ॲट्रॉफी, मेटाप्लेशिया, डिस्प्लेशिया यांतलं काहीच नव्हतं, त्यांच्यात उपचार घेतलेल्यांत शून्य आणि न घेतलेल्यांत ६. यावरून 'परतीची वाट बंद होण्याचा टप्पा' ही कल्पना रुजली: मेटाप्लेशिया झाला की जंतू मारून उपयोग नाही. आजही काही जण रुग्णांना हेच सांगतात. मला ते पटत नाही, आणि पुढचे अभ्यासही त्याच्या बाजूने नाहीत.

चीनमधल्याच शानतोंग प्रांतातल्या लिनचू परगण्यात १९९५ साली ३,३६५ लोकांवर चाचणी सुरू झाली. दोन आठवड्यांचा जंतुनाशक उपचार, एकदाच. १५ वर्षांनी कर्करोगाचं प्रमाण उपचारितांत ३.० टक्के आणि इतरांत ४.६ टक्के. २२ वर्षांनी पाहिलं तर धोका जवळपास निम्मा. १५ वर्षांनी दिसलेला फायदा २२ वर्षांनी आणखी वाढलेला दिसतो, हे मला फार बोलकं वाटतं. साडेसात वर्षांत थांबलेल्या चाचणीला तो दिसणं कठीणच होतं. मग कोरियातून २०१८ साली जी चाचणी आली तिच्यातले लोक तर शेवटच्या पायरीवरच होते. त्यांचा सुरुवातीचा कर्करोग एंडोस्कोपीने काढलेला होता. जंतू मारलेल्यांत पुन्हा नवा कर्करोग ७.२ टक्क्यांना झाला, नुसतं प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेतलेल्यांत १३.४ टक्क्यांना. इतक्या पुढे गेलेल्या जठरालाही उपचाराचा फायदा मिळतो, तर तुरळक मेटाप्लेशियाला मिळणार नाही असं कसं म्हणायचं? त्याच चाचणीत कॉर्पसच्या एका भागातली ॲट्रॉफी उपचारितांपैकी ४८ टक्क्यांमध्ये सुधारली. दुसऱ्या गटात १५ टक्क्यांमध्ये. मेटाप्लेशिया मात्र हट्टी असतो. तो काहींत मागे हटतो, बऱ्याच जणांत आहे तिथेच राहतो. म्हणून पुढच्या बायोप्सीत तो पुन्हा दिसला तर उपचार फसला असं समजू नका.

अतिउत्साहालाही आवर घालायला हवा. लिनचूमध्येच पुढे ९८० गावांतल्या १,८०,२८४ लोकांना घेऊन प्रचंड चाचणी झाली, निकाल २०२४ साली आला. जवळजवळ बारा वर्षांनंतर कर्करोगातली घट १४ टक्के. काहींना ही निराशाजनक वाटली. मला वाटतं गावोगावच्या मोहिमेत सगळ्यांचा जंतू जात नाही आणि बारा वर्षं हा काळही अपुरा आहे. २२ वर्षांच्या आकड्याशी त्याची तुलना आत्ताच करणं घाईचं ठरेल. तरीही वैयक्तिक सल्ला देताना मी 'निम्मा' हा आकडा छातीठोकपणे सांगत नाही. 'बऱ्यापैकी कमी, आणि जितक्या लवकर तितका जास्त' असं म्हणतो.

२०१५ साली क्योटोमधल्या तज्ज्ञांच्या सहमतीने ठरलं की एच. पायलोरीमुळे होणारा जठरदाह हा, लक्षणं असोत नसोत, संसर्गजन्य रोग मानावा आणि उपचार करावेत. त्यामुळे तुमच्या बाबतीत 'उपचार करावा का' हा प्रश्न उरत नाही. सहसा १४ दिवसांचा कोर्स, आम्लरोधकासोबत बिस्मथ आणि दोन अँटिबायोटिक्स किंवा तुमचे डॉक्टर ठरवतील तो संच. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू इतके वाढलेत की जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली त्यांना प्राधान्याच्या यादीत टाकलं, त्यामुळे जुन्या एक आठवड्याच्या तीन गोळ्यांच्या कोर्सवर आता विसंबता येत नाही. गोळ्या मध्येच सोडू नका. तोंड कडू होतं, शौचाला काळं होतं (बिस्मथमुळे, रक्तामुळे नव्हे), मळमळतं. पण अर्धवट कोर्स झाला तर पुढच्या वेळी औषधांचे पर्याय कमी झालेले असतात.

तिसरा प्रश्न, एंडोस्कोपी किती वेळा. इथे रिपोर्ट नीट वाचावा लागतो आणि बरेचदा तो अपुरा असतो. बायोप्सी कुठून घेतली? नियमाप्रमाणे पाच तुकडे हवेत: अँट्रममधून दोन, जठराच्या वळणावरून एक, कॉर्पसमधून दोन, आणि अँट्रम व कॉर्पसचे वेगवेगळ्या बाटल्यांत. सगळे एकाच बाटलीत गेले असतील, किंवा फक्त अँट्रममधून एक तुकडा घेतला असेल, तर कॉर्पसची अवस्था कळतच नाही. आणि धोका ठरतो तिथेच. पॅथॉलॉजिस्टने ओल्गा किंवा ओल्गिम श्रेणी दिली आहे का बघा. शून्य ते चार अशी ती असते. तीन आणि चार म्हणजे ऱ्हास दूरवर पसरलेला. मेटाप्लेशिया 'कम्प्लीट' की 'इनकम्प्लीट' हेही विचारा; मोठ्या आतड्यासारखा दिसणारा इनकम्प्लीट प्रकार जास्त धोक्याचा.

युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार ऱ्हास किंवा मेटाप्लेशिया अँट्रम आणि कॉर्पस दोन्हींत पसरलेला असेल तर दर तीन वर्षांनी एंडोस्कोपी. तो फक्त अँट्रमपुरता किंवा तुरळक असेल आणि घरात कुणाला हा कर्करोग नसेल, मेटाप्लेशिया इनकम्प्लीट नसेल, जंतू गेला असेल, तर नियमित पाठपुराव्याची गरज नाही. तुमच्या रिपोर्टमधल्या 'फोकल' या शब्दावरून तुम्ही बहुधा दुसऱ्या गटात मोडता, पण कॉर्पसची बायोप्सी झाली नसेल तर मी ती एकदा नीट करून घेईन आणि मगच ठरवीन. दरवर्षी एंडोस्कोपी मात्र तुमच्या बाबतीत कुठेच बसत नाही. घाईत केलेल्या चार एंडोस्कोपींपेक्षा नीट केलेली एक बरी. सिंगापूरमधल्या अभ्यासात एका तपासणीला सरासरी सात मिनिटांहून जास्त वेळ देणाऱ्या डॉक्टरांना धोक्याच्या जखमा दुप्पट सापडल्या. जठर धुऊन, फुगवून, शक्यतो विशेष प्रकाशात बघणारा डॉक्टर निवडा.

जंतूशिवाय होणारा एक जठरदाहही आहे, स्वयंप्रतिकारी. त्यात शरीर स्वतःच कॉर्पसच्या ग्रंथी मारतं, अँट्रम शाबूत राहतं, बी-१२ आणि लोह घटतं. त्यात कर्करोगाचा धोका किती यावर वाद चालू आहे, कारण जुन्या अभ्यासांतल्या पुष्कळांना पूर्वी जंतूही होऊन गेलेला असावा. लहान न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींचा धोका मात्र त्यात नक्की वाढतो. पाठपुरावा तीन ते पाच वर्षांनी.

आम्लरोधक गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारालच. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेतल्याने कर्करोग होतो का? हाँगकाँगमधल्या नोंदींवर आधारित २०१८ च्या अभ्यासात, जंतू मारल्यानंतरही या गोळ्या घेत राहिलेल्यांत धोका सुमारे २.४ पट दिसला. पण ज्यांना त्रास जास्त त्यांनाच गोळ्या जास्त दिल्या जातात, त्यामुळे दोष गोळीचा की मूळ आजाराचा हे अशा अभ्यासातून सुटत नाही. १७,५९८ लोकांवरच्या यादृच्छिक चाचणीत सुमारे तीन वर्षांत कर्करोगात फरक दिसला नाही, फक्त आतड्याचे संसर्ग किंचित वाढले. अर्थात कर्करोगासाठी तीन वर्षं म्हणजे काहीच नाही. गरज असेल तर बिनधास्त घ्या, गरज संपली की थांबवा. आणि जंतू मारल्याशिवाय वर्षानुवर्षं या गोळ्या चालू ठेवणं मला चुकीचं वाटतं, कारण आम्ल दाबलं की दाह अँट्रमकडून कॉर्पसकडे सरकतो.

आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल तर हिशेब बदलतो. कोरियात अशाच नातेवाइकांवर झालेल्या २०२० च्या चाचणीत जंतू मारलेल्यांपैकी १.२ टक्क्यांना कर्करोग झाला, न मारलेल्यांपैकी २.७ टक्क्यांना. त्याहून चकित करणारा निष्कर्ष २०२३ साली जपानमधून आला: बीआरसीए१, बीआरसीए२ यांसारख्या डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत जन्मजात बिघाड आणि जोडीला हा जंतू असेल तर ८५ वर्षांपर्यंत कर्करोगाची शक्यता ४५.५ टक्के, जंतू आहे पण जनुकं ठीक आहेत अशांत १४.४ टक्के. स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाचा घरात इतिहास असलेल्यांनी पोटातल्या या जंतूची चौकशी करावी असं मी आता आवर्जून सुचवतो. आहाराचं म्हणाल तर खारवलेले पदार्थ कमी करा आणि धूम्रपान सोडा. तिखटाला विनाकारण बदनाम केलं जातं. त्याने जळजळ होईल, ग्रंथी मरत नाहीत.

वजन आपोआप घटणं, घास अडकणं, सततच्या उलट्या, काळी डांबरासारखी शौच किंवा कारण न सापडलेला रक्तक्षय यांपैकी काही असेल तर वरचं सगळं वेळापत्रक बाजूला ठेवून लगेच दाखवा. नाहीतर क्रम साधा आहे. कोर्स पूर्ण करा. अँटिबायोटिक्स संपल्यावर निदान चार आठवडे थांबा, आम्लरोधक गोळ्या दोन आठवडे बंद ठेवा आणि श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करा. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी यासाठी करू नका, ती जंतू गेल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्हच येत राहते.